गंज किती काढायचा?

सप्टेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोरच्या त्या लांबलचक हिरवळीवर, काचेच्या मोठ्या पेटीत एक गाडी ठेवली होती. १९६६ सालची फोक्सवॅगन व्हॅन. रंग विटलेला, पत्रा गंजाने जागोजागी खाल्लेला. तिला ना नवा रंग दिलेला, ना नवा पत्रा लावलेला. जुनी मोटार लोकांपुढे आणायची तर आधी ती कारखान्यातून नुकती बाहेर पडल्यासारखी करायची, हा जगभरचा रिवाज. इथे तो मुद्दाम मोडला होता.

ही गाडी ईसॉ जेंकिन्स यांची. साउथ कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. जेंकिन्स (१९१० ते १९७२) हे तिथले कृष्णवर्णीय शेतकरी, व्यापारी आणि कार्यकर्ते. बेटावर काळ्या मुलांसाठी हायस्कूल नव्हतं, म्हणून चाळीसच्या दशकात त्यांनी एक बस घेतली आणि मुलांना चार्ल्सटनच्या शाळेत पोचवायला सुरुवात केली. पुढे कामावर जाणारी मोठी माणसंही त्यांच्या बसने जाऊ लागली. त्या काळी तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा अधिकाऱ्यासमोर वाचून दाखवावा लागे. काळ्या नागरिकांना मतपेटीपासून लांब ठेवण्याची ती पद्धतशीर व्यवस्था होती. जेंकिन्स आणि त्यांच्या पत्नी जेनी यांनी प्रवासाचा वेळ त्यासाठीच वापरला: गाडी चालू असताना प्रवाशांकडून घटनेतले उतारे वाचून घ्यायचे, अर्थ समजावून सांगायचा. १९५७ मध्ये सेप्टिमा क्लार्क आणि बर्निस रॉबिन्सन यांच्या साथीने बेटावर प्रौढांसाठी ‘नागरिकत्व शाळा’ सुरू झाली आणि पुढे दक्षिणेतल्या राज्यांत अशा शाळा पसरल्या.

फोक्सवॅगन त्यानंतरची. शिकवणी ज्या बसमध्ये चाले ती आधीची. ही गाडी जेंकिन्स यांच्या व्यवसायाची आणि समाजकामाची. तिच्या पाठीमागे त्यांनी एक वाक्य रंगवून घेतलं होतं: प्रेम म्हणजे प्रगती, द्वेष महागात पडतो. १९७२ मध्ये जेंकिन्स गेले आणि गाडी घराच्या आवारात उभी राहिली ती चाळीसहून अधिक वर्षं. समुद्रकाठची खारी हवा, दमट उन्हाळे. ते वाक्य असलेला मागचा भाग आज स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उरलेल्या गाडीवर जतनतज्ज्ञांनी काम केलं. सुटा गंज काढला, आहे तो पत्रा आणि रंग स्थिर केला, पुढची झीज थोपवली आणि हात आवरता घेतला.

मोडकळीला आलेली जुनी व्हॅन वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हे या उदाहरणातून लख्ख कळतं. गाडी म्हणजे पत्रा आणि इंजिन तर आहेच. पण तिच्यावर कुणी काय रंगवलं, कुठे पट्टी मारून घेतली, कोणता दांडा बदलला, याचीही ती नोंद असते. एकदा ग्राइंडर फिरला की ती नोंद गेली. म्हणून गॅरेजमध्ये पाना उचलण्याआधी करायचा निर्णय हाच की या गाडीत राखण्यासारखं काय आहे. बाकी सगळी कारागिरी त्या निर्णयाच्या मागून येते.

आता ही गाडी मुळात काय आहे ते पाहू, कारण तिच्या बांधणीतच तिच्या गंजाचं मूळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी कामगारांनी बीटल मोटारीच्या सांगाड्यावर सपाट फळीची एक गाडी जुळवली होती. बेन पोन हे फोक्सवॅगनचे डच आयातदार. त्यांनी ती पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक चौकोनी डबा काढला: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये सगळा माल. ते वहीतलं पान आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पहिला नमुना बीटलच्याच चेसिसवर बांधला, पण चाचणीत ती चेसिस वजनाखाली टिकली नाही. मग खाली दोन लांब पेटीदार आडण्या, त्यांना जोडणारे आडवे बार आणि त्यावर वेल्डिंगने एकजीव केलेली बॉडी, अशी रचना आली. ८ मार्च १९५० पासून नियमित उत्पादन सुरू झालं. ११३१ सीसीचं, हवेने थंड होणारं, २५ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाऊण टन माल. पुढची काच मध्ये पट्टी घालून दोन भागांत विभागलेली. ही दुभागलेल्या काचेची पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत चालली आणि सुमारे अठरा लाख गाड्या बाहेर पडल्या. पुढच्या पिढीची वंशावळ ब्राझीलमध्ये थेट डिसेंबर २०१३ पर्यंत टिकली. एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले तेव्हा कुठे ती थांबली.

वेगळी चेसिस नाही, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. ट्रकचा पत्रा सडला तर ट्रकचं रूप बिघडतं. या व्हॅनचा खालचा पत्रा सडला तर गाडी मधोमध वाकते. आणि सडतो तो खालचाच. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून आत झिरपतं, पुढच्या आतल्या पत्र्यावरून उतरतं आणि चालकाच्या पायाखाली साचतं. चाकांनी उडवलेला चिखल आडण्यांच्या कोपऱ्यात अडकून राहतो आणि उन्हाळाभर ओल धरतो. छपराभोवतीच्या पन्हळीत पाला कुजतो. इंजिनाच्या खोलीत बॅटरी ज्या तबकात बसते ते तबक आम्लाच्या वाफेने खाल्लं जातं. दारांखालून लांबवर गेलेले सिल, म्हणजे उंबरठ्याचे पेटीदार भाग, बाहेरून शाबूत दिसतात आणि आतून पोकळ झालेले असतात.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मीठ असेल तर पाण्यातून वीज सहज वाहते आणि काम झपाट्याने होतं. इतपत शाळेत शिकवतात. गाडीच्या बाबतीत महत्त्वाचं ते पुढचं: गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात. त्यांच्या फटीत गंज शिरला की तो पावसाळ्यातल्या लाकडी दारासारखा फुगतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांपासून उचकटतो. वरून फक्त रंगाला एक फोड आलेला दिसतो. तोवर आतला सांधा सुटलेला असतो.

म्हणून पारखी माणूस जुनी व्हॅन पाहायला गेला की रंगाकडे पाहत नाही. तो गुडघ्यावर बसतो, सिलवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत पुढून मागे जातो आणि आवाज ऐकतो. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, पोकळ झालेला भदभदतो, आणि जिथे पुट्टीचा थर आहे तिथे आवाज मुका येतो. मग छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवायचं. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. आडण्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबायचं. दार उघडून थोडं वर उचलून बघायचं, आणि दार व चौकट यांच्यातली फट वर-खाली सारखी आहे का ते पाहायचं. खाली रुंद आणि वर बारीक होत गेलेली फट म्हणजे गाडी मधून बसली आहे.

सापडलेली गाडी लगेच धुऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. धुण्याच्या उत्साहात पुरावा वाहून जातो. आधी सर्व बाजूंनी फोटो, आतल्या चटया आणि आसनं उचलून त्याखालचे फोटो, वायरी कुठून कुठे गेल्या आहेत त्याचे फोटो. मग चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि पुढच्या आसनांमागच्या आडपत्र्यावरची ती छोटी धातूची पट्टी. त्या पट्टीवरच्या सांकेतिक आकड्यांतून गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कारखान्यातून काय काय बसवून आली आणि कुठल्या देशाला रवाना झाली हे उलगडतं. वोल्फ्सबुर्गचं मोटार संग्रहालय चेसिस क्रमांकावरून गाडीचा जन्मदाखलाही देतं. यात भावनेइतकाच व्यवहार आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात छपराला खिडक्या असलेली ‘सांबा’ प्रकारची व्हॅन दोन लाख डॉलरच्या वर गेली आणि तेव्हापासून साध्या मालवाहू गाडीला खिडक्या कापून तिची सांबा करण्याचा धंदा जोरात आला. कागद आणि पत्र्यावरचे आकडे जुळले नाहीत तर गाडी कितीही सुंदर असो, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पत्र्याचं काम सुरू करायचं ते सिलपासून, आणि इथे थोडं जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे.

सिल कापला की बॉडीचा आधारच जातो. म्हणून कापण्याआधी दारांच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या आणि तिरक्या टाकून त्या तात्पुरत्या वेल्ड करतात. गाडी सपाट जमिनीवर, ठरलेल्या आधारांवर ठेवतात आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची मापं लिहून ठेवतात. एका वेळी एकच बाजू. जुने वेल्डचे ठिपके शोधण्यासाठी पत्रा तारेच्या ब्रशने घासला की ते किंचित खोलगट वर्तुळांसारखे दिसू लागतात. प्रत्येक ठिपक्याला पंच मारायचा, खास सपाट दाताच्या ड्रिलने वरचा पत्रा तेवढा कापायचा, खालच्या पत्र्याला धक्का लावायचा नाही. एका सिलला असे कितीतरी ठिपके. ते सगळे सुटले की बाहेरचा पत्रा हातात येतो आणि आतून मातीचा, गंजाच्या पापुद्र्यांचा, कधी उंदराच्या घरट्याचा ढीग खाली पडतो. मग आतला पत्रा, त्यातल्या जॅकच्या नळ्या, आणि त्यांना मधल्या आडण्यांशी जोडणारे आडवे हात दिसतात. बहुतेक वेळा हातांची टोकं गेलेली असतात. शाबूत लोखंड लागेपर्यंत कापत जायचं. गंजलेल्या पत्र्याला वेल्ड धरत नाही, जळून भोक पडतं.

नव्या पत्र्याला कारखान्यातल्या ठिपक्यांच्या जागीच भोकं पाडायची, दोन्ही पत्र्यांच्या मिळत्या बाजूंना जस्ताचा प्रायमर द्यायचा, क्लॅम्पने आवळायचं आणि लगेच वेल्ड न करता आधी दार लावून बघायचं. फट बरोबर आली की मिग वेल्डिंगने ती भोकं भरायची. एक इथे, दुसरं फूटभर लांब, तिसरं पुन्हा मध्ये. एका ओळीत सलग वेल्ड ओढला तर उष्णतेने पत्रा लाटा मारतो आणि मग त्या लाटा बसवण्यात आयुष्य जातं. वेल्ड घासून झाल्यावर सांधा दिसत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं इथे काही झालंच नाही. शेवटी पोकळीच्या आत मेणाचा फवारा मारायचा, म्हणजे पुढची ओल तिथे बसणार नाही. ही शेवटची पायरी सर्रास टाळली जाते, आणि मग दहा वर्षांत तोच सिल पुन्हा कापावा लागतो.

आपल्याकडच्या जुन्या टिनमिस्त्र्यांना हे सांगायला नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजच्या गल्लीत पत्रा हातोडी आणि डॉलीवर ठोकून हवा तो बाक देणारा माणूस अजून भेटतो. युरोपात ज्या बाकाचा पत्रा तयार विकत घेतात, तो इथे कोऱ्या पत्र्यातून काढला जातो. ही कला झपाट्याने कमी होते आहे, कारण आताच्या गाड्यांचा पत्रा कुणी ठोकत नाही, बदलतात. जुनी व्हॅन वाचते तेव्हा तिच्यासोबत ही कारागिरीही कुणाच्या तरी हातात उतरते, आणि मला त्याचं मोल गाडीइतकंच वाटतं.

जुना रंग काढण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. वाळूचा मारा गंज झटकन काढतो, पण या व्हॅनचं छप्पर आणि बाजू म्हणजे मोठे सपाट पत्रे. जोराच्या माऱ्याने ते ताणले जाऊन कायमचे फुगतात. आम्लाच्या हौदात बुडवलं तर पोकळ्यांतला गंजही जातो, मात्र आम्ल सांध्यांत राहून गेलं तर नव्या रंगाखालून वर येतं. आणखी एक गोष्ट जिवाची: त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, सांधे भरायलाही शिशाचा मिश्रधातू वापरत, आणि ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असे. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. चांगला मास्क हवा, आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष आधी जातं, खरं तर ते सर्वांत सोपं प्रकरण आहे. चार बोल्ट सुटले की फोक्सवॅगनचं हे इंजिन मागून बाहेर ओढता येतं. चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे पिस्टन सिलिंडरला चिकटलेले असतात. तेव्हा बॅटरी लावून स्टार्टर मारण्याचा मोह टाळायचा. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून पातळ, मुरणारं तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, पुढे-मागे, तसूतसूने हलवायचं. हललं तर जिंकलं. नाही हललं तर डोकी आणि सिलिंडर उतरवायचे. या इंजिनात चारही सिलिंडर वेगवेगळे बसवलेले असल्याने तेही अवघड नाही.

हलू लागलं की इंजिनाचं खरं वय सांगणारी एक परीक्षा आहे आणि ती हातानेच सुरू होते. मागची पुली दोन्ही हातांनी धरायची आणि जोराने आत ढकलून बाहेर ओढायची. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकतो का ते बोटांना कळतं. मग डायल गेज लावून मोजायचं. नव्या बांधणीत ही सरक ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरच्या आत ठेवतात आणि ०.१५ ही शेवटची हद्द. हा खेळ त्यापलीकडे गेला, पुली ढकलताना ‘ठक’ असा आवाज आला, तर समजायचं की मुख्य बेअरिंगची बैठकच झिजली आहे. इंजिनाचा खोका मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूचा आहे. बेअरिंग बसतं ती जागा एकदा ठोकली गेली की ती मशीनवर नव्याने कातून मोठं बेअरिंग घालावं लागतं किंवा खोकाच बदलावा लागतो. गाडीच्या किमतीची बोलणी चालू असताना एवढी एक चाचणी केली तरी पुढचा मोठा खर्च आधी कळतो.

मॅग्नेशियमचा आणखी एक धडा आहे. या गाड्या आगीत जातात आणि त्याचं कारण बहुतेकदा वीतभर रबरी नळी असते. पेट्रोलचा पंप आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर एकमेकांजवळ आहेत. जुनी नळी तडकते, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. एकदा खोक्याच्या धातूने पेट घेतला की तो पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी इंधनाची टाकी धुणं आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची सगळी नळी नवी टाकणं याला पर्याय नाही. तसंच इंजिनाभोवतीचे काळे पत्रे आणि त्यांच्या कडेचं रबर. ‘हे कशाला हवं’ म्हणून मधल्या काळात कुणीतरी ते काढून टाकलेलं असतं. पंख्याने ओढलेली थंड हवा वरून आणि तापलेली हवा खालून, अशी वाट त्या पत्र्यांनी आखलेली आहे. रबर नसेल तर खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाते आणि इंजिन स्वतःच्याच उष्णतेत भाजतं.

आणि गाडी चालवण्याआधी तिला थांबवता आलं पाहिजे. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्या पाण्याने चाकांतले सिलिंडर आतून गंजलेले असतात. या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकचा एकच मार्ग असे. कुठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. नवे सिलिंडर, नव्या नळ्या, नवे पाइप. इथे मूळ भाग राखण्याचा हट्ट धरू नये. ब्रेक, टायर, इंधनाची नळी आणि वायरिंग यांना मी जतनाच्या वादातून सरळ बाहेर ठेवतो.

बाकी वाद मात्र खरा आहे आणि त्याला आता नियमांचा आधारही आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, ज्याला ‘फिवा’ म्हणतात, १९६६ पासून काम करतो. त्याने २०१२–१३ मध्ये ‘तुरिन सनद’ मंजूर केली. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे, तिचीच विचारसरणी इथे मोटारींना लावली. सार असं की गाडीवर जितका कमी हात फिरेल तितका बरा; जे बदललं ते नोंदवून ठेवा; नवा भाग नवा म्हणून ओळखू आला पाहिजे; आणि गाडीने आपल्या आयुष्यात जे बदल अंगावर घेतले तेही तिच्या इतिहासाचाच भाग माना. एखाद्या बेकरीने व्हॅनच्या बाजूवर हाताने रंगवलेलं आपलं नाव, मधल्या मालकाने लावलेला पडद्याचा दांडा, हे खरवडून कारखान्यातला कोरा रंग देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, पुसून टाकणं आहे.

याच एका प्रकारच्या गाडीच्या दोन नशिबांची तुलना करून पाहा. ‘सोफी’ नावाची निळी मालवाहू व्हॅन १९५० मध्येच बनलेली, चेसिस क्रमांक २०-१८८०. जर्मनीत पहिल्या मालकाकडे दोन दशकांहून जास्त राबली, मग एका संग्राहकाने ती काही शे मार्कांना उचलली, पुढे ती डेन्मार्कमधल्या एका चाहत्याकडे गेली. ‘सोफी’ हे नाव तिथलंच. त्याने ती निगुतीने पूर्ववत केली. २०१४ पासून ती फोक्सवॅगनच्याच संग्रहात आहे आणि अजून रस्त्यावर धावते. तिचं महत्त्व ती सुरुवातीच्या गाड्यांतली एक आहे यात आहे. म्हणून ती चालती राखणं, कारखान्यातून निघाली तशी दाखवणं रास्तच. जेंकिन्स यांच्या गाडीचं महत्त्व ती कुणाची होती आणि तिच्यावर काय लिहिलं होतं यात आहे. तिला सोफीसारखी केली असती तर तशा हजारो गाड्यांत आणखी एकीची भर पडली असती आणि जेंकिन्स त्यातून निघून गेले असते.

तिसरीही एक आहे, आणि ती मूळ रूपात हाती लागलीच नाही. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात चित्रविचित्र रंगांनी नखशिखांत रंगवलेल्या एका फोक्सवॅगनचं छायाचित्र जगभर छापून आलं. ती रंगवली होती बॉब हिरोनिमस या चित्रकाराने. गाडी पुढे कुठेतरी नाहीशी झाली. पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने शोध घेतला, ती मिळाली नाही. मग त्याच पिढीतली दुसरी गंजकी व्हॅन आणून, ती दुरुस्त करून, त्याच चित्रकाराने सहकाऱ्यांसह तिच्यावर पुन्हा ती चित्रं काढली. काम उत्तम आहे आणि प्रतिकृती म्हणूनच ती दाखवली जाते, हे प्रामाणिक आहे. पण मूळ गाडीच्या पत्र्यावर ब्रश फिरला तेव्हाची जी काही साक्ष होती ती परत येत नाही. ती नाहीशी होण्याआधी कुणीतरी तिची दखल घ्यायला हवी होती.

गोव्याला या गाडीची ओळख त्याच काळातली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोरमार्गे जमिनीवरून भारतात येणाऱ्या तरुणांमध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅन लोकप्रिय होत्या आणि त्यातल्या काही कळंगूट-हणजुणेच्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत आक्रमण यांनी तो रस्ता बंद केला.

पण आपला खरा धागा वेगळाच आहे आणि तो आकुर्डीला जाऊन मिळतो. १९४९ मध्ये हँबुर्गच्या हारबुर्ग भागातल्या विडाल अँड झोन या कंपनीने टेम्पो मॅटॅडोर नावाची गाडी आणली. तिचं इंजिन होतं फोक्सवॅगन बीटलचं, तेच २५ अश्वशक्तीचं. फक्त इथे ते पुढची चाकं फिरवत असे. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली आणि १९५२ मध्ये इंजिनांचा हा पुरवठा थांबला. विडाल कंपनीने दुसरी इंजिनं घेतली, मॅटॅडोर सुधारत गेली आणि तिची पुढची पिढी पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, आजच्या फोर्स मोटर्सने, भारतात बनवायला घेतली. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, बँडवाले, रुग्णवाहिका, महाराष्ट्राच्या दोन पिढ्या मॅटॅडोरमध्ये बसल्या. आणि एवढ्या गाड्यांतल्या बहुतेक सगळ्या वजनावर भंगारात गेल्या. परदेशी लिमोझिन आणि संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आपण काळजीने राखल्या. रोज राबणाऱ्या गाडीला वारसा म्हणून पाहायची सवय आपल्याला लागलीच नाही. हे चुकतंय असं मला ठामपणे वाटतं, कारण सामान्य माणसाच्या आयुष्याची साक्ष रोल्स-रॉइस देत नाही.

कायद्याने आता थोडी वाट मोकळी केली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी व्हिंटेज वाहनांची वेगळी तरतूद झाली. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात भरीव फेरफार झालेले नसावेत. म्हणजे तुरिन सनदेचं म्हणणं वेगळ्या रस्त्याने आपल्या आरटीओतही पोचलं. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात; आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर काढता येत नाही; प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठी येते.

सत्तरच्या दशकातल्या मॅटॅडोर आता त्या वयाच्या उंबरठ्यावर आहेत. गावाकडच्या खळ्यात, बंद पडलेल्या डेअरीच्या मागे, एखाद्या शाळेच्या कुंपणाशी अशी गाडी उभी असेल तर आधी तिचं आरसी बुक शोधा. ते बहुधा मूळ मालकाच्या कपाटात जुन्या विम्याच्या कागदांबरोबर असतं आणि मालक गेल्यावर पहिल्या आवराआवरीत फेकलं जातं. चेसिस क्रमांक कागदाशी जुळवून घ्या. गाडी झाडाखालून हलवा, चाकांखाली विटा द्या, म्हणजे खालचा पत्रा जमिनीच्या ओलीपासून सुटेल. वरून ताडपत्री टाकाल तर ती पत्र्याला चिकटू न देता मांडवासारखी उंच बांधा, नाहीतर आत घाम धरतो. बाजूवर दूध संघाचं, शाळेचं किंवा बँडपथकाचं नाव रंगवलेलं असेल तर त्यावर हात फिरवू नका. ती चालवणारा माणूस हयात असेल तर त्याच्याकडून तिच्या फेऱ्यांची, मालाची, दुरुस्त्यांची माहिती लिहून घ्या आणि आरसी बुकासोबत ठेवा. रंग कुठला द्यायचा हा विषय त्यानंतरचा.